बाबांची पाळी

प्रिय ताई,

आम्हा वाहतूक पोलिसांचं काम आता पार बदललं आहे. पूर्वी गाडी वेडीवाकडी चालली किंवा चालकाचे डोळे तारवटलेले दिसले, तरच आम्ही थांबवायचो. आता हातातल्या यंत्राचा लाल दिवा मनाला येईल तेव्हा आपोआप लागतो, आणि तो लागला की समोर येईल ती गाडी थांबवायची आणि चालकाचा श्वास तपासायचा, मग आत कोणीही असो. काल न्यायाधीशबाई थांबल्या, त्यांच्यामागे भंगारवाला. दोघांनीही निमूटपणे नळीत फुंकर मारली. एरवी तोऱ्यात फिरणारी माणसं गाल फुगवून समोर बसलेली पाहिली की मी थक्क होते.

पण खरी गंमत बाबांची. त्यांचं शिवणकामाचं दुकान घराजवळच, तरी रोज सकाळी गाडी काढून, लांबचा वळसा घालून ते आमच्या रांगेत येतात. दिवा लागत नाही, मी हातानेच पुढे जा म्हणते, की तोंड पाडून निघून जातात. एकदा हटूनच बसले, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, अहो काका, लोक इथून सुटायला बघतात आणि तुम्ही अडकायला बघता. मी घरी यंत्र आणते म्हटलं, तर नको म्हणाले, ताईला वाटेल धाकटीने सांभाळून घेतलं.

तुझा विश्वास बसत नाही याचा मला राग नाही. त्यांनी गाडी नाल्यात घातली तेव्हा मागे तू बसली होतीस, आणि दारू सोडली म्हणून शपथा तर त्यांनी कितीदा घेतल्या. पण दिवा कधी लागेल हे कोणालाच ठाऊक नसतं गं. प्यायलेला माणूस रोज आपणहून त्या रांगेत येणार नाही.

आज दिवा लागला. नात्यातला माणूस म्हणून मी बाजूला झाले आणि साहेबांनी नळी धरली. शून्य आलं. बाबा गाडीतच रडायला लागले. मागच्यांनी हॉर्न वाजवले, तर साहेबांनी त्यांनाच दटावलं. ज्यांची चाहूल लागली की आपण पलंगाखाली शिरायचो, तेच हे बाबा. माणूस एवढा बदलू शकतो, हे डोळ्यांनी पाहूनही मला अजून नवल वाटतंय.

तू बाळाला घेऊन येणार आहेस आणि स्टेशनवरून टॅक्सी करणार आहेस. बाबांनी गाडीत बाळासाठी छोटी सीट बसवून घेतली आहे, पण तुला विचारायची त्यांची छाती होत नाही. म्हणून मीच विचारते, तुम्हाला आणायला त्यांनी यावं का? तू नाही म्हणालीस, तर मी टॅक्सी घेऊन येईन, आणि तुला विचारलं होतं हे त्यांना कधीच कळू देणार नाही.

तुझीच,
धाकटी