भरीव जमीन

सुलतानपूर, शुक्रवार

प्रिय फैजान बेटा,

खूप खूप दुआ. पहाटेची फजरची नमाज पढून लिहायला बसलो आहे. बोट धक्क्याला लागली की तुमच्या ऑफिसातला माणूस हे पत्र तुझ्या हाती देईल.

सोयाबीन निघालं. तुळशीराम भेटला की विचारतो, ‘शकूरभाई, पोरगा समुद्रात प्लॉट पाडून राह्यला काय? एखादा माह्या नावानं ठेव म्हणा.’ मी त्याला तू ईदला सांगितलंस तेच सांगतो. दोन किनाऱ्यांमधल्या उथळ सामुद्रधुनीच्या तळाखालून बोगदा जायचा आहे. बोट तिफणीसारखी सरळ रेघांत चालते, मागचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो गाळातून, वाळूतून, खडकावरून वेगवेगळा परततो आणि त्यावरून तळाखालचा नकाशा होतो. तो म्हणाला, ‘म्हणजे तुमचंच काम हाय की.’ कबर खोदण्याआधी आपणही सब्बल, लोखंडी पहार, जमिनीवर आपटून ऐकतो. आवाज पोकळ आला की खाली कुणीतरी आहे, कुदळ न लावता पुढे सरकायचं. लहानपणी तू जमिनीला कान लावायचास आणि कानात माती जाते म्हणून अम्मी रागवायची.

गाळाखाली एक जुनी नदी बुजलेली सापडली, असं तू सांगितलंस. अम्मीचा जीव त्या नदीतच अडकला आहे. ‘तिचं पाणी गोड असंल का हो? लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठी नाही का गोड धार?’

ती तुझा फोन उचलत नाही. रुसली असेल, असं समजू नकोस. मागे तू घाईत म्हणालास, रेघ मध्येच तुटली तर पुन्हा करावी लागते. तिनं ते मनात धरलं. आपल्याशी बोलत बसला तर रेघ तुटेल, असं तिला वाटतं. मी समजावून थकलो. फोन वाजला की हातात धरून तुझं नाव पाहते, वाजायचा थांबला की उशीखाली ठेवते.

उशीखाली, कारण आता ती फारशी उठत नाही. तिला औरंगाबादला नेलं होतं. पोटात गाठ आहे, पसरली आहे. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

परवा मला म्हणाली, ‘माह्या आईजवळ जागा पाहून ठेवा. फैजानले सांगू नका, त्याची रेघ तुटंल.’ मी हो म्हणालो. काल दुपारी असरच्या नमाजनंतर कब्रस्तानात गेलो. निंबाखाली, तुझ्या नानीच्या बाजूला सब्बल आपटली. आजवर इतक्या कबरी खोदल्या, पण पोकळ आवाज येऊ दे, असं अल्लाहकडे कधी मागितलं नव्हतं. काल मागितलं. पुन्हा पुन्हा आपटून पाहिली. जमीन भरीव आहे, बेटा. खाली कुणी नाही.

फोनवर बोललो तर ती ऐकेल, म्हणून तिला दिलेला शब्द मोडून लिहितो आहे. तुझी रेघ अर्धी राहिली तरी राहू दे. त्या नदीचं पाणी कसं होतं, ते तिला तूच येऊन सांग.

तुझाच,
अब्बा