चार घड्यांची चिठ्ठी

प्रिय दादा,

'प्रिय' हे विशेषण केवळ पत्रलेखनाच्या संकेतास अनुसरून योजले आहे. त्यावरून माझ्या अंतःकरणाच्या तापमानाविषयी कोणतेही अनुमान काढू नयेस. निवृत्त मुख्याध्यापकास धाकट्या भावाने खरमरीत पत्र धाडणे शिष्टाचारास धरून नाही, हे जाणतो. वाचताना तू लाल पेन हाती घेशीलच. घे. शुद्धलेखनाचे गुण अवश्य काप, परंतु शेवटपर्यंत वाच.

प्रथम क्षेमसमाचार. माझे चष्म्याचे दुकान यथास्थित चालले आहे. परक्यांचे दृष्टिदोष पाव नंबरापर्यंत अचूक मोजणाऱ्या मला स्वतःच्या घरातले दिसले नाही, हा विनोद मी स्वतःच करून टाकतो, म्हणजे तुझे श्रम वाचतील. तुझी पुतणी ठकी गेल्या महिन्यात पाच वर्षांची झाली. सात महिन्यांपासून आठवड्यातल्या पाच सकाळी ती शिकायला जाते. खोलीत एक सतरंजी, एक बुटके टेबल आणि साबणाच्या फुग्यांची बाटली, एवढेच वैभव. शिकवणारी ताई माझ्या निम्म्या वयाची. ती ठकीला हाक मारते. ठकीने मान वळवली, की तत्क्षणी फुगे. नाही वळवली, तर खांद्याला हलका स्पर्श. मग वळली, की फुगे आणि कागदावर एक खूण. पुढे तो स्पर्शही हळूहळू काढून घ्यायचा, म्हणजे केवळ हाक पुरते. पहिल्या दिवशी मी या विधीस पोपटपंची असे संबोधून, बालसंगोपनाच्या आर्ष परंपरेवर दहा मिनिटे प्रवचन झोडले. ताईने ते निमूट ऐकले आणि म्हणाली, "काका, तुम्ही फार शब्द वापरता. तिला त्यातला एकही सापडत नाही. दोन शब्दांत बोला."

कल्पना कर. पाण्याचा पेला मागतानाही तीन समास खर्ची घालणारा मी, सतरंजीवर मांडी ठोकून 'डबा उघड', 'फुगे हवे?' एवढेच घोकत बसलो. तिच्या आईला कित्येक दिवसांनी खळखळून हसताना पाहिले ते तेव्हाच. तिसऱ्या महिन्यात ठकीने बाटली माझ्या हातात कोंबली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "फू." मी दोन दिवस दुकान उघडले नाही. ठकी स्वमग्न आहे, रोगी नाही, दादा, आणि तिला कोणी दुरुस्तही करत नाही. तिला हवे ते मागता यावे आणि नको त्याला नको म्हणता यावे, एवढाच हा खटाटोप. त्यापूर्वी दोन वर्षे ती जमिनीवर कपाळ आपटून मागत असे. ते टेंगूळ तू पाहिले होतेस. त्याचे निदान 'हट्ट' असे करून, दोन धपाट्यांचे औषधही तू सुचवले होतेस. मी ते दिले नाही. पण तुझ्या तोंडावर नाहीही म्हणालो नाही. ते माझ्या खात्यावर लिही.

आता मूळ विषय. गेल्या रविवारी तुमच्याकडे जेवलो, निघताना तू तुझा सुभाषितसंग्रह मला बहाल केलास. डोळ्यांना आता झेपत नाही, म्हणालास. माझ्याच दुकानातला चष्मा नाकावर ठेवून. घरी येऊन तो उघडला, तर 'विद्या' प्रकरणातून चार घड्या घातलेली एक चिठ्ठी खाली पडली. ठकीच्या बालवाडीतल्या बाईंचे अक्षर, अडीच वर्षांपूर्वीची तारीख. 'हाक मारल्यावर वळून पाहत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. एकदा बालविकासतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.' वर ठकीच्या आईचे नाव. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, म्हणून ठकीला आणायला तू गेला होतास. त्याच संध्याकाळी, ती चिठ्ठी खिशात ठेवून, तू आमच्या घरी चहा प्यायलास. ठकी अजून बोलत नाही म्हणून तिची आई रडकुंडीला आली, तेव्हा मोठ्याने म्हणालास, "अगं, आपल्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात. हा चार वर्षांचा होईतो मुका होता, आणि तेव्हापासून एकदाही गप्प बसलेला नाही." सगळे हसले. मीही हसलो, विनोद माझ्यावर होता, आणि उत्तमही होता. बाई पुढच्याच महिन्यात गाव सोडून गेल्या, आणि तुझे गुपित तुझ्या सुभाषितांत सुरक्षित राहिले. घराण्याच्या नावलौकिकास्तव केलेस, की तुला खरोखरच तसे वाटत होते, हे मला ठाऊक नाही. जाणून घेण्याची इच्छाही उरलेली नाही. दोन्ही उत्तरांची लांबी दोन वर्षेच आहे.

हे सारे गिळून मी आमरण अबोला धरू शकलो असतो. माझ्यासारख्या वाचाळास ती भीष्मप्रतिज्ञाच ठरली असती, पण धरला असता. धरता येत नाही, कारण रविवारी तुझ्या दिवाणखान्यात तुझा सव्वादोन वर्षांचा नातू डब्याचे झाकण फिरवत बसला होता. शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात तू त्याला हाका मारल्यास. मी सात मोजल्या. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, तेव्हा त्याने लगेच तिकडे पाहिले. म्हणजे ऐकू येते. तुझ्या सुनेने काळजीने काही विचारले, आणि तू तिला तोच विनोद ऐकवलास. ती हसली, पण डोळे झाकणावरून हलले नाहीत. कदाचित काहीच नसेल. मी तज्ज्ञ नाही, चष्मेवाला आहे. पण ते तज्ज्ञांना ठरवू दे. सोबत ती चिठ्ठी परत पाठवत आहे. वरचे ठकीच्या आईचे नाव तसेच ठेवले आहे, मागच्या बाजूला ताईचा फोन नंबर लिहिला आहे. ती सुनेच्या हातात द्यायची, आणि अडीच वर्षे ती कुठे होती हेही स्वतःच्या तोंडाने सांगायचे. गुरुवार संध्याकाळपर्यंत वाट पाहीन. नंतर मी स्वतः तिला सांगेन, आणि माझे निवेदन किती सविस्तर असते हे तू जाणतोस. या पत्रातले बाकी सारे शब्द विसरलास तरी चालेल. सतरंजीवर बसून शिकलो तसे दोनच शब्दांत सांगतो, तेवढे पाळ.

दादा, चिठ्ठी दे.

तुझाच, घराण्यात सर्वांत उशिरा बोललेला
धाकटा