झम्माबाईची खाट

चि. कुलदीपले देवकाआत्याचे बोरगावहून पोटभर आशीर्वाद. तुही अॅसिडिटी, सूनबाईची कंबर न पोरांचे दात ठीक असतील असं धरून चालते. माहा मोडला तो डावा हात. उजवा शाबूत हाय, म्हणून लिहून राहिली. (फोनवर तू मधातच 'हो आत्या' म्हणून ठेवून देतो.)

ट्रॅक्टर उलटल्याचं तुले समजलंच. मी बगीच्यात संत्रा तोडाले निघालेली, अंगावर जुनं फाटकं लुगडं. बाजूले आपली पहाडाकडची झम्माबाई, जन्मभर आपल्याच घरी राबलेली, सौसरच्या बाजारासाठी माहीच पोपटी साडी नेसून. (दिवाळीत दिलेली. मेलीले माह्यापेक्षा शोभते.) नाल्याजवळ ट्रॉली कलंडली. माहं मनगट गेलं, तिचा पाय. दवाखान्यात सिस्टरनं तिले म्हटलं, "काकू, या, पंख्याखाली झोपा." न मले, "ए बाई, तू व्हरांड्यात." पहाडाकडचे गोंड लोक आले का त्यांची गादी व्हरांड्यातच, अशी तिथली रीत. त्यांले खालीच बरं वाटते म्हणे! खाट देऊन विचारलं होतं का कोणी? मी मालकीण हाय म्हणून बोंबलली, तर वॉर्डबॉय म्हणे, "हो माय, न मी कलेक्टर." (हसू नको.)

मंग ऑफिसात कोणाचा तरी फोन आला न सगळे खडबडून जागे झाले. मी एकदम 'आत्याबाई' झाली. न झम्मीले, तशा मोडक्या पायानं, उचलून खाली ठेवलं. ती कण्हली नाही रे. उलट म्हणे, "माई, तुम्ही झोपा, मले सवय हाय." मी तिच्याच गादीवर फतकल मारून बसली न सांगितलं, हिले वर घ्या, नाही तर इथंच मरीन न भूत होऊन तुमच्या ड्युट्या लावीन. डॉक्टरीणबाई धावत आल्या. बाप्पा, स्टोअरमधून आणखी एक खाट निघाली! (तिच्यावर सलाईनचे खोके झोपले होते.)

तुही एका हाताची आत्या,
देवका

ता. क. त्या सिस्टरवर रागावू नको, पोरगी चांगली हाय. तिले जे शिकवलं ते ती करते. रीतच बदल. तू रोगी कल्याण समितीत जाऊन नुसता चहा पिऊन येतो. मंगळवारच्या मीटिंगमधे ठराव घे: ज्याले जास्त लागलं त्याले आधी खाट. गाव, आडनाव, साडी, फोन, काही पाहायचं नाही. व्हरांड्यातल्या गाद्या बंद.

आणखी ता. क. तो फोन तुहाच होता, बापू. मायेनं केला, मले माहीत हाय. पण 'आत्यासाठी खाट खाली करा' म्हटलं न जिनं तुले कडेवर वाढवलं तीच खाली गेली. तिले मी हे सांगितलं नाही. ती साऱ्या वॉर्डाले सांगून राहिली, माह्या कुलदीपनं माह्यासाठी खाट धाडली म्हणून. मंगळवारी तेवढं खरं करून ये.