टीव्हीवर दिसले ती मीच

माझ्या लाडक्या धाकटीला थोरलीचे ढीगभर आशीर्वाद.

टीव्हीवर पाहिलंस ना मला? काळजी करू नकोस, वणव्यात आमची नुसती भिंत काळवंडली. शेजारणीचं मात्र घर गेलं, नवराही गेला. टीव्हीवाली पोरगी तिला म्हणाली, "काकू, थोडं रडा ना." पण ही बाई दगडासारखी गप्प! मग मीच तिच्या घराच्या राखेत बसून रडले. केस विस्कटलेले होते, पण पोरगी म्हणाली, "आजी, एक नंबर!"

बघणाऱ्यांना वाटलं, घर माझंच जळलं. चादरी आल्या, धान्य आलं, आता नवं घरही बांधून देताहेत. नातवंडं तर नाचतायत!

शेजारीण आमच्या पडवीत झोपते, भांडी झकास घासते. तुझा गुडघा अजून दुखतो का गं? कळव, तिला तुझ्याकडे धाडते. तिचं इथं काय उरलंय?

तुझी,
टीव्हीवाली ताई