आपल्या गाडीतला चौथा स्क्रू

बऱ्हाणपूर,
वैशाख शुद्ध दशमी, शके १८७९

राजमान्य राजेश्री शालिग्रामराव यांचे सेवेशी बऱ्हाणपूरहून आपला व्याही दिगंबर याचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा खोकला निदान उन्हाळ्यात तरी थांबला असेल, अशी आशा करतो. येथील माणसं सगळी सुखरूप आहेत. आजारी होती ती आपली गाडी, आणि तिलाही आता उतार पडला आहे. खरं तर सांगायचं एवढंच. पण तृतीयेला, आखाजीच्या सणाला, सुलभाला माहेरच्या दारात उतरवून विनायकराव उलट्या पावली जळगावला परतणार होते, ते अजून का आले नाहीत हे आपण तारेने विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. (तारेत आपण शब्द फार जपून वापरता. नुसतं "कुठे" एवढंच वाचून तार आणणारा शिपाईसुद्धा घाबरला होता.)

लग्नातल्या त्या प्रकाराची आठवण मी काढणार नाही. सांगून ठेवलेली मोटार ऐन वेळी आली नाही आणि स्टेशनावरून आपल्याला टांग्यात बसवावं लागलं, हे खरं. पण तो घोडा रोज वकिलांना कचेरीत नेणारा. सनई वाजत असूनही तो वरपित्याला घेऊन थेट कचेरीच्या फाटकात शिरला, त्यात माझा काय हात? आपण मात्र तिथेच सांगून टाकलंत, की पुन्हा ह्या गावात येईन तर स्वतःच्या मोटारीने, आणि ह्या माणसाच्या घरचं पाणी पिणार नाही. पुढे आपण मोटार घेतलीत. (आम्हाला फार आनंद झाला, जरी कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून.) विनायकरावांनीही वडिलांचा शब्द पाळला. आखाजीच्या सकाळी गाडी दारात आली, सुलभा उतरली, पण त्यांनी इंजिन काही बंद केलं नाही. मी पुढे झालो, तर माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "त्यांना सांग, मी निघतो." एवढ्यात गाडीच्या नाकातून अशी वाफ निघाली की समोरचं दुकान दिसेना.

मग पाणी ओतणं सुरू झालं. आपण आमच्या घरचं पाणी पिणार नाही म्हणालात, पण आपली गाडी घागरीमागून घागर प्यायली आणि तरी तिची तहान भागेना. वरून ओतलेलं खालून रस्त्यावर. शेवटी कौतिक मिस्त्रीला बोलावलं. हा फोपनारच्या केळीबागांतली पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या मते इंजिन आणि मोटार यांत फरक एवढाच, की मोटार जागेवर राहत नाही. त्याने सांगितलं, पाण्याचा पंप गळतोय, तो काढून आतलं पॅकिंग बदलावं लागेल. पंपाला चार स्क्रू. तीन मुकाट निघाले. चौथा गंजून बसला होता. कौतिकने पान्याच्या दांडीला लोखंडी नळी जोडली, "फिकर मत करा भाऊ, आत्ता निकलते," म्हणाला आणि त्यावर सगळं अंग टाकलं. निकललं खरं, पण स्क्रूचं डोकं. धड आतच राहिलं, तेही असं सपाट मोडून की पकडीला धरायला जागा नाही.

गेल्या दिवाळीत आमचं राज्य बदललं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, हायकोर्ट हललं, माझ्या कचेरीतली कपाटंसुद्धा हलली. हा बोटभर स्क्रू मात्र जागचा हलेना. कौतिकने त्याला रात्रभर रॉकेल पाजलं. शेजारच्या सुकलाल सोनाराने फुंकणी आणून गाल दुखेपर्यंत जाळ फुंकला आणि मग म्हणाला, की सोनं असतं तर एव्हाना पाणी झालं असतं, हे लोखंडच हलक्या जातीचं. (गाडी माझ्या व्याह्यांची आहे, तोंड सांभाळून बोल, असं मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. हे आपल्या कानावर असावं.)

विनायकराव ह्या वेळात गाडीतच बसून. वैशाखाचं ऊन, वर तापलेला पत्रा. सुलभा तांब्या घेऊन गेली, तर मान हलवून नको म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "हे गाडीसाठी काढलेलं पाणी आहे. गाडी तुमची, म्हणजे पाणीही तुमचंच." त्यांनी तांब्या रिकामा करून परत दिला. पुढे बॉनेटवर ठेवलेले मांडे गाडीचे ठरले. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले, कारण ओटा म्युनिसिपालिटीच्या रस्त्यावर पुढे आलेला असून तो आमच्या घरात मोडतच नाही, हेही तिनेच पटवलं. (ह्याबद्दल मला दोनदा नोटीस आली आहे. तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.) माझ्याशी मात्र ते अजून मुलीमार्फतच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी फोपनारहून कौतिकला बोलावणं आलं. केळी पाण्यावाचून माना टाकत होती, त्याला जाणं भाग होतं. जाताना सांगून गेला, की छिन्नी कडेला तिरकी टेकवा आणि उलट्या अंगाने ठोकत राहा. जागा इतकी अडचणीची, की छिन्नी दोन्ही हातांनी दाबून धरायला एक माणूस हवा आणि ठोकायला दुसरा. विनायकराव बॉनेटखाली वाकले, छिन्नी धरली आणि थांबले. दुसरा माणूस मीच होतो. माझा हातोड्याचा अनुभव भिंतीतल्या खिळ्यापुरता, चष्मा घामाने घसरतोय, आणि सौ. दारातून म्हणते, "जरा पोरीच्या कुंकवाकडे बघून मारा." मी परक्याच्या दारावर टकटक करावी तसे दोन-चार ठोके दिले. तेव्हा बॉनेटखालून आवाज आला, "मामा, जोरात मारा. मी हात काढत नाही."

शालिग्रामराव, लग्नापासून त्यांनी मला मामा म्हटलं ते हे पहिल्यांदा. मी हातोडा खाली ठेवला. चष्म्याचं निमित्त केलं, तो उपरण्याने पुसला, आणि मग मारला. किर्र झालं. स्क्रू केसभर हलला. मी मारत गेलो, ते छिन्नी सरकवत गेले, आणि शेवटी त्यांनी तो तुकडा नुसत्या बोटांनी फिरवून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग काळ्या हातांनी ते सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले, माठातून पाणी घेऊन प्यायले, आणि आणखी घेऊन प्यायले. सौ. पदराने डोळे पुसत म्हणाली, चुलीचा धूर फार झालाय. चूल पेटायची होती.

आता फोपनारहून परतलेला कौतिक म्हणतो रॉकेलने निघाला, सुकलाल म्हणतो आपल्या जाळाने, आणि सौ. देवीला बोललेली ओटी भरून आली. मी कुणाशी वाद घालत नाही. हातोडा मात्र अजून ज्याचा त्याला परत दिलेला नाही.

चार-पाच दिवस शोधून नवे स्क्रू मिळाले आहेत, पंप आजच बसतो आहे. उद्या सकाळी विनायकराव निघतील. काळजी नसावी. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल चोळत जावं.

आपला,
दिगंबर

ता. क. पाकीट बंद करताना कळलं ते लिहितो. नवा चौथा स्क्रू आवळताना मोडला. कौतिक बस म्हणत असताना विनायकरावांनी नळी लावून आणखी एक पीळ दिला. कौतिक म्हणाला, इतकं आवळायची गरज नव्हती. ते म्हणाले, "माहीत आहे." आणि हात धुऊन आमरसाला बसले.

ता. क. दुसरा. ह्या मापाचा स्क्रू आता इथे मिळत नाही, जळगावातच मिळेल. पोस्टाने पाठवू नये. राज्य बदलल्यापासून माझा पोस्टावर विश्वास नाही. आपण स्वतः घेऊन यावं, विहीणबाईंसह यावं, आणि आंबा संपेपर्यंत राहावं. हे पत्र मुळात ह्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. तिसरा. सुलभा सांगते, येताना विनायकरावांचे सदरे आणावेत. सध्या ते माझे घालतात आणि मी ओट्यावर बंडीत बसतो.