चांदीच्या बॅटीसाठी मत

अण्णा, आज मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, इथे बहरीनमध्ये मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले आमचे हेही गेले, आणि मी मुलाच्या घरी, एसीच्या घरघरीत बसून तुमच्यावर चिडते आहे. या वयात बापावर चिडून काय मिळणार, ते मलाही कळतं. तरी लिहिते.

तुमची पणती इथे सॉफ्टबॉल खेळते. कॅचर आहे, मी होते तशीच. अमेरिकेतलं बेसबॉल ती फोनवर बघते. तिकडे व्यावसायिक खेळाडूंमध्ये दर मोसमाला प्रत्येक जागेवरच्या सर्वांत चांगल्या हिटरला चांदीची बॅट देतात. कॅचरची बरोबरी कॅचरशीच. झेल कसे घेतले ते विचारत नाहीत, फक्त फटके बघतात. मतं संघांचे प्रशिक्षक देतात, पण आपल्या संघातल्या खेळाडूला कुणी मत द्यायचं नाही. मॅट्रिकनंतर तुम्ही माझं लग्न लावून दिलंत, पुढचं सगळं मी आपलं आपण वाचत आले. हेही तसंच वाचून काढलं आणि त्या नियमापाशी अडकले. आमच्या इथल्या मराठी मंडळाने यंदा मुलींच्या सामन्यांत तसंच बक्षीस ठेवलं, चंदेरी रंग दिलेली छोटी लाकडी बॅट. निवडायला आम्ही तिघं: एकेकाळी खेळलेली म्हणून मी, समोरच्या संघाला शिकवणारे रत्नागिरीचे ड्रायव्हर आणि पुण्याच्या एक अकाउंटंट बाई.

आज सकाळी पोरीने काय मारलं, अण्णा! ड्रायव्हर मला म्हणाले, "काकू, चेंडू झल्लाकच्या समुद्रात टाकायचा होता की काय तुमच्या नातीला? आमच्या पोरी धावून धावून मेल्या." माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तिचं नाव नको. माझी नात आहे." अकाउंटंट बाई हसल्या. "अहो, नात तुमची आहे, आमची थोडीच? तुम्ही मत देऊ नका. आम्ही दोघं देतो. खलास!" आणि दिलंसुद्धा. इतकं सोपं होतं ते.

तेव्हापासून डोक्यात तुमच्या-माझ्या शाळेचं मैदान आहे. चुन्याच्या रेघा पुसट झाल्यात, माझे हात अजून झिणझिणतायत. हेडमास्तर म्हणतात, "गुरुजी, आजचे फटके तर तुमच्या मुलीचेच." चित्रकलेचे सर मान डोलावतात. तुम्ही शिट्टी खिशात टाकता आणि म्हणता, "तिचं नाव नको." विषय संपतो. बक्षिसाचा स्टीलचा डबा दुसरीला जातो, आणि नळावर मुली मला चिडवतात, "हिला कशाला हवंय? हिला घरी मिळेल!"

घरी काय मिळालं, अण्णा? चुलीपाशी आई भाकरी थापत होती. तुम्ही जेवलात, हात धुतलात आणि म्हणालात, "उद्या लवकर ऊठ, रेघा परत आखायच्यात." तुमचा नियम चुकीचा नव्हता. पण तुम्ही त्याचा अर्धाच भाग पाळलात. तुमचं मत तुम्ही राखून ठेवलंत ते ठीक. त्या दोघांचं का अडवलंत? आणि डब्याचं जाऊ दे. घरात तर कुणी मतं मोजत नव्हतं. चुलीपाशी एकदा "आज छान मारलंस" म्हणाला असतात, तर कुणावर अन्याय झाला असता?

येताना गाडीत नातीने विचारलं, "आजी, डिड यू व्होट फॉर मी?" मी म्हटलं, "नाही." ती जरा वेळ बॅटीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "गुड. देन इट्स रिअल." म्हणजे तुमची बाजू तिला कळली. मला ती कळायला आजी व्हावं लागलं, याचाही रागच आला.

हे पत्र कुठे पाठवायचं? घडी करून माझ्या पुस्तकांत ठेवीन. एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली आहे, ती सांगते आणि थांबते. गाडीत "नाही" म्हटल्यावर मी पुढे काहीच बोलले नाही. घरी आल्यावर म्हटलं, "बूट बाहेर काढ, हातपाय धू, जेवायला ये." तेवढंच. ती आत बॅट उशाशी ठेवून पडली आहे, जागी असेल. उठते.