वाळ्याचा कूलर

३ मे. सकाळी ६.
या वर्षीचा उन्हाळा मी हाताळणार. एकतीस वर्षं कानपुरात भूगोल शिकवलाय, हवामानाने मला शिकवायची गरज नाही. पुनीतचा बंगळुरूहून फोन. म्हणाला, पप्पा, एसी पाठवतो, मम्मीच्या बीपीकडे बघा जरा. मी म्हटलं, बेटा, ऋतू अंगावर घ्यायचा असतो, तुमची हाडं एसीत नासली. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.
कूलरला यंदा अस्सल वाळ्याच्या ताट्या. लाकडाच्या किसाच्या जुन्या ताट्या आजच फेकणार.

६ मे.
फेकायला तीन दिवस लागले. बोट कापलं. पण काय सुगंध! थर्मामीटर कूलरच्या तोंडासमोर टांगला. बाहेर ४३, थर्मामीटर २६! शकुनला दाखवायला बोलावलं. ती कणकेच्या हातानेच आली. म्हणाली, छान आहे हो, आता हाच जरा स्वयंपाकघरात टांगून बघा. बायकोला यंत्रांची कदर नाही. तेलकट वाफेने काच खराब होईल, असं शांतपणे समजावलं.

११ मे. दुपार.
लू सुटली आहे, भाजून काढणारा वारा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. एक वाजता जेवण, फुलका तव्यावरून थेट ताटात, हा माझा नियम लग्नापासूनचा. शकुन म्हणाली, सकाळीच करून डब्यात ठेवत जाऊ का, दुपारी गॅसपाशी उभं राहवत नाही. मी म्हटलं, शिळ्याने पित्त होतं. शास्त्र आहे. शेवटी सात फुलके केलेच तिने. बाहेर जाताना लू लागू नये म्हणून कच्चा कांदा खिशात ठेव म्हटलं, तर म्हणाली, साडीला खिसा कुठे असतो? दोघंही हसलो. मी जास्त.

१९ मे.
शेजारच्या झैदींकडे एसी आहे, म्हणून त्यांना वाटतं मोहल्ला त्यांचाच. आज भिंतीवरून त्यांची बायको म्हणाली, मास्टरसाहेब, शकुनला दुपारी पाठवत जा की, दोन तास पडेल आमच्याकडे. मी म्हटलं, भाभी, आमच्याकडे सव्वीस आहे. मागून झैदी ओरडला, सव्वीस थर्मामीटरला हो, माणसांना किती? खवचट. बोलता बोलता दोनदा शिंकला, ते मात्र मी लक्षात ठेवलं. शकुन जायला निघाली होती. बरं दिसत नाही म्हणून थांबवलं.

२ जून.
वारा फिरला. आता पूर्वेकडून येतोय, दमट. अशा हवेत कूलर चालत नाही हे मीच पोरांना शिकवलं आहे, पण तो नियम साध्या ताट्यांचा. वाळ्याचं वेगळं असतं. थर्मामीटर ३४ दाखवतोय. बिघडला.
गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या. शकुन म्हणाली, अहो, जीव गुदमरतो. न्हाणीघराच्या फरशीवर जाऊन बसली, तासभर. लहरी आहे.

९ जून.
डाळीत मीठ दोनदा. विचारलं तर म्हणाली, डोकं गरगरतंय. कैरीचं पन्हं कर म्हणालो, दोघांसाठी. माझा ग्लास आणून दिला. तिचा ओट्यावरच राहिला, त्यात माशी पडली. उद्या डॉक्टरकडे नेणार. नक्की.

१० जून.
कूलरचा पंप अडकला. डॉक्टर राहिला.

१२ जून.
पंप चालू. डॉक्टर उद्या. ती म्हणाली, राहू द्या, आता काही वाटत नाही. मला तेच म्हणायचं होतं.

१४ जून. दुपारी १.२०. ताटावरूनच लिहितोय.
अखेर यश! बाहेर ४२ आणि चिकचिक, पण शकुनला घाम नाही. एक थेंब नाही. कपाळ कोरडं, चेहरा लाल, तजेलदार. वाळ्याची हवा स्वयंपाकघरापर्यंत पोचली. झैदीला बोलावून दाखवणार.
आज मजेतही आहे. फुलका वाढताना मला बाबूजी म्हणाली. विचारते, बैलगाडी जुंपली का, माहेरी जायचंय. या वयात थट्टा! चार फुलके झाले. पाचवा यायचाय.

१५ जून.
काल पाचव्याची दहा मिनिटं वाट पाहिली. दोन हाका मारल्या. करपल्याचा वास आला तेव्हा उठलो.
रिक्षा झैदीने आणली. इस्पितळात डॉक्टरने विचारलं, घाम कधी थांबला? मी अचूक वेळ सांगितली. वही खिशात होती, दाखवलीही. त्याने ते पान वाचलं आणि माझ्याकडे न बघता वही परत दिली. म्हणाला, घाम थांबतो तीच शेवटची घंटा असते, मास्टरजी. संध्याकाळी पाच चाळीसला गेली.
पुनीतला विमान आज दुपारचं. तोवर ठेवायची होती. झैदीने बर्फाच्या लाद्या आणल्या, मोहल्ल्यातल्या पोरांनी कूलर उचलून तिच्याकडे तोंड करून लावला. बर्फावरून वारा फिरला आणि खोली खरंच गार झाली. अंगावर काटा आला. भाभी रडत म्हणाली, आता वळवला होय तिच्याकडे? मला शकुन हवी आहे.

२८ जून.
तेरावं झालं. पुनीत आल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. जाताना म्हणाला, तुमची खोली तयार ठेवतो, एसी आहे. बरं म्हटलं.

२९ जून. दुपारी १.
थर्मामीटर स्वयंपाकघरात टांगला. गॅस न पेटवता ४१. काच खराब झाली नाही.
मग गॅस पेटवला. सात फुलके होईपर्यंत उभं राहायचं ठरवलं.
दुसऱ्याच फुलक्याला बाहेर आलो.